तारा नसलेलं पान

सही केली असती तर विशाखा तायडेला दहा गुण मिळणार होते. नसती केली तरी दहाच मिळणार होते. मी पुढे सहकार खात्यात लेखापरीक्षक झालो आणि उभी हयात लोकांची दप्तरं तपासण्यात घालवली, पण दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम असताना कोणी इतकं अडून बसल्याचं दुसरं उदाहरण मला आढळलं नाही.

बाकीच्यांचा फायदा मात्र सरळ होता. हेमराज फेगडेला ते दहा मिळाले की त्याचे पंचावन्न टक्के होत होते, आणि पंचावन्न झाले की मामाच्या संस्थेतल्या ज्युनिअर कॉलेजात लेक्चररची खुर्ची त्याच्यासाठी पुसून ठेवलेली होती. रशीद तडवी पास होत होता. मला फर्स्ट क्लास मिळत होता. आमच्या टोणगावकर सरांना काय मिळत होतं, ते तेव्हा कोणी मोजलं नाही. सर मोजण्यापलीकडचे होते.

"म्हणजे सही करायची नाहीच तुला," मी म्हटलं.

भौतिकशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात रांजणापाशी ती पाणी पीत होती. भुसावळचा मे महिना. भिंतीला पाठ टेकली तर सदरा चिकटायचा. झोपे आडनावाचा मी वर्गप्रतिनिधी, म्हणून अर्ज माझ्या हातात होता आणि त्यावर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, एक सोडून.

"नाही," ती म्हणाली.

"कारण?"

"प्रश्न चुकीचा नाहीये."

"तो चुकीचा आहे असं कोण म्हणतंय? आपण फक्त अर्ज करतोय."

तिने पेला रांजणावर उपडा ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

झालं होतं ते असं. एम.एस्सी.च्या क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरात दहा गुणांचा एक प्रश्न आला. खोक्यात कोंडलेला एक कण आहे. तो अर्धा पहिल्या पातळीत आहे, अर्धा दुसऱ्या पातळीत, आणि दुसरीच्या आधी 'आय' लिहिलेला. आय म्हणजे ती संख्या, जिचा वर्ग उणे एक येतो. आधी एक स्थिरांक काढायचा, असा की कण खोक्यात कुठे ना कुठे सापडायची शक्यता बरोबर एक यावी. मग त्याची सरासरी ऊर्जा. आम्ही टोणगावकर सरांच्या पद्धतीने गणित मांडलं, आणि सगळ्यांची बेरीज शून्य आली. कण खोक्यात नाही, बाहेर नाही, कुठेच नाही. शून्याला कशानेही गुणलं तरी एक होत नाही, एवढं गणित तर फेगड्यालाही येत होतं. तीन तास संपल्यावर बाहेर येऊन जो तो दुसऱ्याला विचारत होता, आणि सगळ्यांचं शून्य जुळल्यावर आमच्या जिवात जीव आला. सगळ्यांचं उत्तर चुकतं तेव्हा प्रश्न चुकीचा असतो, हा आमच्याकडचा जुना न्याय आहे. विद्यापीठही तो मानायचं. प्रश्न सदोष ठरला, की ज्यांनी तो सोडवायला घेतला त्या सगळ्यांना पूर्ण गुण.

फक्त तायडेचं उत्तर आलं होतं. पहिल्या पातळीच्या ऊर्जेच्या अडीचपट. तिने ते हॉलबाहेर कोणीतरी विचारलं म्हणून सांगितलं, मिरवायला नाही. ऐकणाऱ्याला वाटलं, हिचं तर भलतंच चुकलेलं दिसतंय.

आमच्या वर्गात तेव्हा गणित लिहायचे तीन पंथ होते. मोठा पंथ टोणगावकर सरांचा. सर सगळं साय या ग्रीक अक्षराने मांडायचे आणि त्याच्या आधी लांब मानेची इंटिग्रलची चिन्हं उभी करायचे, फळा जिराफांनी भरल्यासारखा दिसायचा. त्यांच्या सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स वर्षानुवर्षं त्याच होत्या, आणि त्या नोट्सवर पुढच्या साली पुस्तक निघायचं होतं. दुसऱ्या पंथात एकटा रशीद तडवी. यावलकडचा हा गडी कॉलेजातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर इतका बसायचा, की त्याला जगातली कुठलीही गोष्ट आकड्यांच्या उभ्या रांगेत घालावीशी वाटे. जिराफ दिसला की तो त्याला रांगेत बसवायचा.

तिसरा पंथ तायडेचा. ती टोकदार कंस लिहायची. एकीकडे टोक असलेला एक कंस, दुसरीकडे टोक असलेला दुसरा, आणि दोन्ही समोरासमोर आले की झालं गणित. त्या दोन अर्ध्या कंसांना इंग्रजीत जी नावं आहेत, त्यातलं पहिलं 'ब्रा' आहे, दुसरं 'केट'. सरांनी वर्षाच्या सुरुवातीला सांगून टाकलं होतं, की अशी एक पद्धत आहे, पण वर्गात मुली आहेत तेव्हा आपण तिच्यात शिरायला नको. असा तो धडा शालीनतेपोटी वगळला गेला. तायडे मात्र तडवीशी चर्चा करताना तो शब्द असा उच्चारायची, जसा आपण पाना-पक्कड म्हणतो. पहिले काही दिवस मागच्या बाकांवर खसखस पिकली. मग पिकवणाऱ्यांचाच विरस झाला.

ही पद्धत तिने हौसेने धरली नव्हती. तिचा प्रवेश दुसऱ्या यादीत झाला, राखीव जागेवर. ती आली तोवर नोट्स वाटून संपल्या होत्या. सर म्हणाले, कोणाकडून तरी उतरवून घ्या. उतरवायला नाही असं तिला कोणी म्हटलं नाही. फक्त ती मागायची त्या वेळी प्रत्येकाच्या नोट्स दुसऱ्याच कोणीतरी नेलेल्या असायच्या. मग तिने लायब्ररीतून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, आणि तिचे वडील लोकोशेडमध्ये होते म्हणून रेल्वेच्या वाचनालयात बसायची मुभा होती, तिथे बसून ते पुस्तक संपवलं. त्या पुस्तकात कंस होते, म्हणून तिच्या वहीत कंस आले.

व्हरांड्यात त्या दिवशी मी तिला म्हटलं, निदान आमचं कुठे चुकतंय ते तरी दाखव. तिने नोट्स मागितल्या. माझ्या पिशवीतच होत्या. वर्ष संपल्यावर त्या तिच्या हातात पहिल्यांदा पडत होत्या, हे मला त्या वेळी जाणवलं, आणि तिलाही जाणवलेलं असणार, कारण तिने त्या उगाच उलटसुलट करून पाहिल्या, नवीन भांडं वाजवून बघावं तशा. मग खोक्यातल्या कणाचं पान काढलं आणि फार वेळ लावला नाही.

"इथे तारा नाही."

"कसला तारा?"

"सायला सायने गुणायचं, पण पहिल्या सायवर तारा काढून. तारा म्हणजे आयच्या पुढचं चिन्ह फिरवायचं. फिरवलं की एक आणि एक दोन येतात. नाही फिरवलं की एकातून एक जातो."

मी पुढची पानं चाळली. तारा कुठेच नव्हता. सरांच्या नोट्समधल्या उदाहरणांत आय कधी आलाच नव्हता, त्यामुळे तारा असला काय नि नसला काय, उत्तर तेच यायचं. पेपर यंदा बाहेरच्या कोणीतरी काढला होता, आणि त्या भल्या माणसाने आमच्या खोक्यात एक आय सोडून दिला होता.

"तुझ्या कंसात चुकत नाही का हे?" मी विचारलं.

"चुकू शकतं. पण कंसाचं टोक दुसरीकडे वळवताना हात थांबतो. काहीतरी उलटं करतोय हे दिसतं. सरांच्या पद्धतीत काही दिसतच नाही."

मी ही गोष्ट तडवीला सांगितली. उभी रांग आडवी करताना आपणही चिन्ह फिरवलं नव्हतं, हे त्याला लगेच कळलं. फेगड्याला सांगितली तर तो उसळला. सरांच्या नोट्सवर त्याची जी श्रद्धा होती ती गल्लीतल्या मारुतीवरही नव्हती. त्याच्या थोरल्या भावाने त्याच नोट्सवर एम.एस्सी. केलं होतं. हेमराजला त्या शाईच्या डागांसकट पाठ होत्या.

त्याने तायडेला सायकल स्टँडपाशी गाठलं. मी बरोबर होतो. आधी तो गोडीत बोलला. म्हणाला, माझं सगळं यावर अडलंय, तुझं काहीच जात नाही. तिने ऐकून घेतलं आणि सायकलचं कुलूप काढत राहिली. मग त्याचा तोल गेला.

"तुला काय फरक पडतो. तुमचं सगळं आधीच राखून ठेवलेलं असतं."

मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. तिने कुलूप सायकलच्या दांड्याला अडकवलं, पायडलवर पाय ठेवला आणि गेली. फेगडे माझ्याकडे वळून म्हणाला, "पाह्यलं का भो, किती माज आहे." मी म्हटलं, तिने तर तोंडही उघडलं नाही. तो म्हणाला, तेच तर.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. सर आवाज चढवणारे नव्हते. समोरचा माणूस आपसूक छोटा होईल इतक्या हळू बोलायचे. पंखा बंद करून त्यांनी मला दार लोटायला सांगितलं.

"तायडे, तुमचं यात काही जात नाही," ते म्हणाले.

तिनेही ते मान्य केलं.

मग सरांनी इकडचं तिकडचं काढलं. जूनपासून विभागात तासिका तत्त्वावर एक जागा भरायची आहे, घरात पहिलंच शिकलेलं माणूस असलं की अशा जागेचा किती आधार होतो. वर्गाचे अंतर्गत गुण अजून विद्यापीठाकडे जायचे आहेत, या उन्हात काम कसं होत नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात आणि इतक्या निरागसपणे सांगितल्या, की कोणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, बिचारे कामाखाली दबले आहेत. शेवटी म्हणाले, अर्ज एकमताने गेला पाहिजे. एक सही कमी असली की वरचे लोक विचारतात, ही का नाही.

"मग विचारू द्या, सर," तायडे म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला समजावलं, की बाई, हा माणूस पुढच्या महिन्यात अभ्यास मंडळाचा अध्यक्ष होणार आहे. यांच्याशी वाकडं घेऊन तुला काय मिळेल? ती म्हणाली, वाकडं मी घेतलेलं नाही, मी नुसती उभी आहे.

अर्ज एकमताचा नाही हे वर कळलं, म्हणून विद्यापीठातून चौकशीला डॉ. पानवलकर बाई आल्या. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या. आल्या आल्या त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं, तेव्हाच सरांचा चेहरा जरा उतरला. सगळा वर्ग प्रयोगशाळेत जमवला होता. लाकडी स्टुलांवर आम्ही, भिंतीला फळा, फळ्याशेजारी सर. मी अर्ज बाईंच्या हातात दिला. त्यांनी सह्या आणि यादी शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट खाली नेत नेत थांबवलं.

"तायडे कोण?"

ती उभी राहिली. सही का नाही, असं बाईंनी विचारलं. तिने सांगितलं, की मी प्रश्न सोडवला आहे. बाईंनी खडू तिच्यापुढे धरला.

तिने फळ्याच्या डाव्या अंगाला लिहायला सुरुवात केली. लिहिताना तोंडाने म्हणत होती, ब्रा वन, केट वन, ब्रा टू, केट टू. सर खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत होते. तिने एक कंस फिरवला, आयपुढे उणे केलं, आणि दोनच ओळींत खोक्यातला हरवलेला कण हजर झाला. मग ऊर्जा. अडीचपट.

सरांनी तेव्हा जो मुद्दा मांडला तो अगदीच टाकाऊ नव्हता. ते म्हणाले, हे चिन्हांकन या विभागात शिकवलं जात नाही, एका मुलीने बाहेरून काही वाचलं म्हणून बाकीच्या मुलांवर अन्याय नको. बाई म्हणाल्या, प्रश्नात कुठलीच पद्धत सांगितलेली नाही, मुलांनी आपापल्या पद्धतीने करावा. मग वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, दुसऱ्या कोणाची वेगळी पद्धत आहे का?

तडवी उठला. त्याला उठायचं कारण नव्हतं. गप्प बसला असता तर पास होत होता. त्याने फळ्याच्या मध्यावर आपली उभी रांग मांडली, ती आडवी केली, तिथे थांबला, शेजारच्या कंसांकडे एकदा पाहिलं आणि आयपुढे उणे लिहिलं.

"येतंय, मॅडम," तो म्हणाला. "पेपरात माझं शून्य आलं होतं. चिन्ह फिरवायचं राहिलं माझ्याकडून. प्रश्नाचा दोष नाही."

आणि हात पँटला पुसत जागेवर येऊन बसला.

"सर, तुमची पद्धत राहिली," बाई म्हणाल्या. "तुम्हीच दाखवा ना."

हे बोलताना बाईंना नोट्समधलं काही ठाऊक होतं का, ते मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. सरांना मात्र सगळं ठाऊक होतं, हे ते खडू घ्यायला चालत गेले त्या चालीवरूनच मला कळलं. तारा काढला नाही तर बाहेरच्या बाईपुढे शोभा. काढला तर आपल्याच वर्गापुढे. त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक जिराफ उभा केला, त्याच्यापुढे साय लिहिला, आणि सायच्या डोक्यावर इतक्या सहज तारा काढला, जणू तो जन्मापासून तिथेच होता. बेरीज दोन आली. सर आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले,

"काय आहे, मुलं वर्गात लक्ष देत नाहीत."

एवढं म्हणाले नसते तर गोष्ट कदाचित तिथेच संपली असती.

फेगड्याचं स्टूल मागे पडलं. तो उठून उभा होता.

"सर, पान सतरा, खालून चौथी ओळ. साय गुणिले साय डी एक्स. तारा नाही."

"फेगडे, बस."

"पान अठरा, वरची ओळ. तिथंही नाही. माझ्या भावाच्या प्रतीत नाही, माझ्या प्रतीत नाही." त्याचा आवाज फुटत होता, पण तो थांबला नाही. "आम्ही लक्ष दिलं सर, म्हणून चुकलो. जिला तुम्ही नोट्स दिल्या नाहीत तिचं तेवढं बरोबर आलं."

सर शांतपणे हात झटकून खुर्चीत बसले. ते मुरलेले होते. बाईंना म्हणाले, एखादा मुलगा भावनेच्या भरात बोलतो, पण अर्जावर सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत, वर्गाची मागणी तुमच्या समोर आहे.

बाईंनी अर्ज पुन्हा उचलला. त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते सरळ होतं. प्रश्न बरोबर आहे, हे मी लिहीन. पण विद्यापीठ शेवटी सह्या मोजतं. एवढ्या सह्यांची मागणी गेली तर वर कोणी वाईटपणा घेत नाही, दहा गुण सरसकट देऊन टाकतात. असं पूर्वी झालेलं आहे. मग त्या तायडेकडे वळल्या.

"दहा तुम्हाला दोन्हीकडून मिळतात. तुम्ही सही केली असती तर मला इथे यावंही लागलं नसतं. तुमची अडचण काय आहे?"

तायडे अजून फळ्यापाशीच उभी होती. तिने खडू ठेवला.

"मी दुसऱ्या यादीतून आले, मॅडम. तेव्हापासून मला जे काही मिळतं ते कोणीतरी दिलेलं असतं, असंच ऐकते. हे दहा मी मिळवलेत. सगळ्यांना वाटले की माझेही वाटलेलेच होतील. पुढे कोण सांगणार, की यातले एकीचे खरे होते?" ती थांबली. फेगड्याकडे तिने बघितलंही नाही. "मला कोणाचे अडवायचे नाहीत. फक्त माझे त्या ढिगात टाकायचे नाहीत."

सायकल स्टँडवरचं उत्तर ते हे. तिने ते साठवून ठेवलं होतं असंही नाही. तिथे ते वाया गेलं असतं, एवढंच.

फेगडे पुढे आला. मला वाटलं, आता हा तिच्याशी तरी भांडतो किंवा सरांशी तरी. त्याने टेबलावरचं बाईंचं पेन उचललं, अर्ज स्वतःकडे ओढला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. मामाच्या संस्थेतली पुसून ठेवलेली खुर्ची त्या रेघेखाली गेली, आणि ती जाताना मी पाहिली. पेन त्याने माझ्यापुढे केलं. "घे भो," म्हणाला, "वर्गप्रतिनिधी आहेस."

मी शहाणा माणूस आहे. असल्या प्रसंगी शहाणा माणूस पेन खाली पडू देतो आणि ते शोधत बसतो. पण सर माझ्याकडे बघत होते, त्या त्यांच्या हळू नजरेने, आणि त्या नजरेत मी आधीच छोटा झालेला होतो. मला त्याचा राग आला. मी रेघ मारली. माझ्या मागून तडवी आला, त्याच्या मागून बाकीचे, रांग लागली. एक-दोघे सरांच्या बाजूने न जाता टेबलाला लांबचा वळसा घालून आले, पण आले. शेवटी अर्जावर वाचता येण्यासारखी एकही सही उरली नाही. पानवलकर बाईंनी त्याची घडी घातली आणि सरांना म्हणाल्या, "एकमताने झालं म्हणायचं."

पुढचं थोडक्यात. फेगड्याचे पंचावन्न झाले नाहीत. ती खुर्ची मामाच्या जावयाला मिळाली. हेमराज केळीच्या ट्रकांच्या धंद्यात पडला आणि तिथे बरा चालला. तडवीचा पेपर राहिला, ऑक्टोबरात सुटला. माझा फर्स्ट क्लास हुकला आणि सहकार खात्याला मी मिळालो. टोणगावकर सर अभ्यास मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं, पान उघडलं की जिराफांमध्ये सगळीकडे तारेच तारे. प्रस्तावनेत विद्यार्थ्यांच्या उपयुक्त सूचनांचे आभार होते.

तायडेला त्या प्रश्नाचे दहापैकी दहा मिळाले. तिचे अंतर्गत गुण मात्र वर्गात सगळ्यांत कमी आले, फेगड्याच्याही खाली. त्यात तिचा फर्स्ट क्लास गेला आणि तासिका तत्त्वावरची जागाही. पुन्हा परीक्षेला बसून तो क्लास काढायला तिला आणखी काही वर्षं घालवावी लागली, आणि ती वर्षं ती वरणगावला शिकवण्या घेत होती.

बऱ्याच काळाने अमरावतीकडे एका कॉलेजच्या कर्मचारी पतसंस्थेचं लेखापरीक्षण माझ्याकडे आलं. संस्थेच्या अध्यक्षा म्हणून समोर येऊन बसल्या त्या प्राध्यापक विशाखा तायडे. केस पांढरे, चष्मा जाड, बघणं तेच. काम संपल्यावर चहा आला, आणि मी राहवलं नाही म्हणून तिला माझा जुना हिशेब ऐकवला. एका ताऱ्यापायी वर्गातल्या प्रत्येकाने दहा-दहा भरले, फेगड्याने नोकरी भरली, तिने अंतर्गत गुण आणि वर्षं भरली, आणि ज्याने तारा खाल्ला त्याने काहीच भरलं नाही. मला वाटलं होतं, ती खूश होईल.

"इतकी वर्षं तपासणी करतोस आणि बेरीज अजून चुकतेच तुझी, झोपे," ती म्हणाली. "तुमचे दहा तुमचे होते कुठे? आलेच नव्हते ते तुम्हाला. फेगडेनं फार मोठी गोष्ट केली, ते मी त्याला पत्रानं कळवलंही होतं. पण जे आपलं नव्हतं ते सोडलं तर ते भरलं असं होत नाही."

"मग भरलं कोणी?"

"माझे अंतर्गत गुण माझे होते. ती वर्षं माझी होती." तिने चहाचा कप बाजूला सारला आणि माझा तपासणीचा कागद सहीसाठी पुढे ओढला. "भरलं एकटीनं. आणि घासाघीस न करता भरलं, तेही लिही."